कोकण किनाऱ्यावरील तेलगळती

जहाज, तेलविहीर किंवा नळवाहिनीतून समुद्रात सांडलेले खनिज तेल तवंगाच्या वा डांबरगोळ्यांच्या रूपाने किनाऱ्याला लागणे. जगाचा हिशोब पाहिला तर गळती झपाट्याने घटली आहे. तेलवाहू जहाजांतून ७ टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी ७९च्या आसपास होत. २०१०च्या दशकात त्या सहा-सातवर आल्या, आणि तेही समुद्रमार्गे तेलवाहतूक वाढत असताना. ‘टोरी कॅन्यन’ या तेलवाहू जहाजाच्या (१९६७) अपघातानंतर झालेला मार्पोल हा जहाजांचे प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार, ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ या तेलवाहू जहाजाच्या अपघातानंतर (१९८९) अशा जहाजांना सक्तीचे झालेले दुहेरी कवच आणि उपग्रहांवरून होणारे दिशादर्शन ही त्याची मुख्य कारणे.

कोकणाला हा उतार जेमतेमच लागू पडतो, कारण मोजदाद तेलवाहू जहाजांची आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. पहिले कंटेनरचे, दुसरे सुट्या मालाचे. सांडले ते चित्राचे स्वतःचे जड इंधन, सुमारे ८०० टन. भरतीबरोबर ते उरण-अलिबागकडच्या खारफुटीत शिरले. तिवरांच्या श्वसनमुळांवर तेल बसले की झाड गुदमरते. खरवडायला चिखलात उतरावे, तर कोवळी रोपे पायाखाली जातात. त्या दिवसांत मुंबईच्या बाजारात मासळीचे गिऱ्हाईकही घटले. वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ला, ६० हजार टन कोळसा घेऊन निघालेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. त्याच्याही टाक्यांतून इंधन गळले. त्याआधी मे १९९३मध्ये मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राची नळवाहिनी फुटून तेल मुरूडकडे आले होते. यांत तेलवाहू जहाज एकही नाही.

जहाजांचे हे दोन्ही अपघात झाले ते ऐन पावसाळ्यात. खवळलेल्या समुद्रात तेल अडवणारी तरंगती कुंपणे टिकत नाहीत आणि नैर्ऋत्येचा वारा तवंग किनाऱ्याकडेच लोटतो. पावसाळ्याच्या सुमारास पुळणीवर येणारे डांबरगोळे आणणारा वाराही हाच. दूरवरून जाणाऱ्या जहाजांनी टाक्या धुऊन टाकलेले तेलकट पाणी हे त्यांचे एक मूळ : हलके घटक उडून जातात, उरलेला चिकटा वाळू-कचरा घेत गोळा होतो. रासायनिक ठशांवरून तेलाचा प्रकार ओळखता येतो, पण टाकणारे जहाज तोवर कुठल्या कुठे गेलेले असते. पायाचे डांबर रॉकेलने निघते. जाळ्याला बसलेले सहसा निघत नाही.