दिवा पेटला म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे

सोलापुरातून पुण्याच्या किंवा हैदराबादच्या रस्त्याला लागलेली डिझेल गाडी अचानक ओढेनाशी होते आणि मीटरवर दिवा पेटतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी२४५३ असा कोड येतो आणि बहुतेक वेळा निदान तिथंच संपतं: ‘एक्झॉस्टचा प्रेशर सेन्सर गेलाय, बदला.’ नवा सेन्सर बसतो, काही दिवसांनी दिवा परत पेटतो. कारण सेन्सर बिघडल्याचं कोड सांगतच नाही. सेन्सरकडून आलेला आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला पटत नाही, एवढंच तो सांगतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास दिसू लागला. त्याच्या आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीचं एकच तोंड उघडं, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडेच राहते. फिल्टरच्या पुढून आणि मागून निघालेले दोन पाइप सेन्सरला जोडलेले असतात. आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने तो किंचित वाकतो आणि व्होल्टेज बदलतं. फरक वाढला म्हणजे काजळी साठली. मग कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळतो.

म्हणूनच इथला चुकीचा आकडा महागात पडतो. तो उगाच जास्त आला, तर गाडी पुन्हा पुन्हा काजळी जाळायला बघते आणि त्यातलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. उलट आकडा कमी आला, तर काजळी नको तेवढी साठते आणि पेटते तेव्हा सिरॅमिकला तडा जाऊ शकतो.

तपासायची सुरुवात इंजिन बंद ठेवूनच करावी, आणि ही चाचणी मला सगळ्यात सुंदर वाटते. चावी ऑन, इंजिन बंद: धूर नाही, म्हणजे दाबातला फरक शून्यच हवा. काही इंजिनांत फरकाऐवजी एक्झॉस्टचा पूर्ण दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याने अशा वेळी बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ९६ च्या आसपास. इनटेककडचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या बाजूचा, प्रेशर सेन्सरही तेव्हा तीच हवा मोजत असतो. तो ९६ म्हणतोय आणि एक्झॉस्टचा ११०, तर संशय कुणावर घ्यायचा हे उघड आहे.

आकडा बरोबर आला तर पाइप काढून बघा. सात रस्ता ते होटगी रोड अशा छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्ट नीट तापत नाही. धुरातली वाफ थंड पाइपात पाणी होते, त्यात काजळी कालवली जाते आणि बारीक नळीत तिचा घट्ट बोळा बसतो. रबरी पाइप क्लिपपाशी वाकवून पाहावा; सरळ असताना न दिसणारी चीर तिथे तोंड उघडते. दोन पाइप उलटसुलट बसले असतील, तर इंजिन सुरू असताना आकडा उणे येतो.

मग वायरिंग. तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंगची आणि तिसरीवर सिग्नल. शून्य दाबाला तो बऱ्याच गाड्यांत अर्ध्या व्होल्टजवळ असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. फिल्टरच्या पुढून आलेला पाइप सेन्सरच्या ज्या तोंडाला बसतो, तिथे स्वच्छ नळी लावून हलकेच फुंकलं की सिग्नल चढायला हवा आणि फुंकर थांबताच परत खाली यायला हवा. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही मारू नका, पडदा फाटतो. सेन्सर खरोखरच बदलावा लागला, तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने नव्याचा शून्य बिंदू नोंदवून द्यावा लागतो. ही पायरी राहिली की चांगला सेन्सरही खोटा ठरतो.

आणि हे सगळं ठीक असूनही रेस केल्यावर आकडा चढाच राहिला, तर सेन्सर खरं बोलतोय, फिल्टरच भरलाय. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून आलेली राख जळत नाही. तेव्हा फिल्टर उतरवून साफ करावा लागतो आणि पुढे कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच ऑइल भरावं लागतं.