डिजिटल उत्क्रांती

सजीव पिढ्यान्पिढ्या कसे बदलतात आणि परिस्थितीशी कसे जुळवून घेतात, याचा संगणकावरील सिम्युलेशनच्या साहाय्याने अभ्यास करण्याची पद्धत. नैसर्गिक निवडीला तीन गोष्टी पुरतात: स्वतःची नक्कल करणारे काहीतरी, नकलेत अधूनमधून होणाऱ्या चुका आणि अपुऱ्या साधनांसाठी ओढाताण. हे ‘काहीतरी’ प्रथिने आणि डीएनएचेच असावे, अशी अट नाही. स्वतःची प्रत काढणारा छोटा संगणकीय प्रोग्रामही चालतो.

लोकसंख्येत एखाद्या जनुकाचे प्रमाण कसे वाढते वा घटते, याचे हिशेब संगणकावर फार पूर्वीपासून होतात आणि लोकसंख्या-आनुवंशिकीत त्यांच्यावाचून आज पान हलत नाही. मात्र तिथे उत्क्रांतीचे गणित मांडलेले असते; प्रस्तुत नोंद मुख्यतः अशा प्रयोगांविषयी आहे, जिथे उत्क्रांती खरोखर घडू दिली जाते.

हा खटाटोप करण्याचे कारण वेळ. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 24 फेब्रुवारी 1988 रोजी ई. कोलाय जीवाणूंच्या 12 वसाहतींवर सुरू केलेला प्रयोग जगप्रसिद्ध आहे, पण जीवाणूंसारख्या घाईच्या जीवांच्याही तिथे दिवसाला साडेसहाच्या आसपासच पिढ्या होतात. संगणकावर हजारो पिढ्या थोड्या अवधीत उलटतात. शिवाय प्रत्येक आजा-पणज्याची नोंद राहते, जी कुठलाही जीवाश्म देऊ शकत नाही.

पहिला प्रयत्न थक्क करावा इतका जुना आहे. निल्स आल बारिचेल्ली यांनी 1953 मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीतील संगणकावर आकड्यांचे ‘जीव’ वाढवले. त्या यंत्राची स्मृती जेमतेम 5 किलोबाइट होती. त्यांच्या कामाकडे पुढे बराच काळ फारसे कुणी फिरकले नाही.

या क्षेत्राला खरी चालना दिली ती टॉम रे यांच्या ‘टिएरा’ या संगणक-प्रणालीने. रे मूळचे वर्षावनांचे अभ्यासक. कोस्टा रिकाच्या जंगलात त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. त्यांच्यापुढची अडचण साधी होती. नेहमीच्या प्रोग्राममधली एक आज्ञा बदलली, की तो बंदच पडतो. ‘अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा’ असे लिहिलेले असेल आणि तो क्रमांकच चुकला, तर पुढे सगळा गोंधळ. मग सुधारणा व्हायची कुठून? रे यांनी क्रमांक काढूनच टाकले. टिएरातला प्रोग्राम खुणेची एक छोटी आकृती दाखवतो आणि तिला जुळणारी उलट आकृती जवळपास जिथे सापडेल तिथे जातो. कुलपाने किल्ली शोधावी तसा. आज्ञाही अवघ्या 32 ठेवल्या.

1990 च्या जानेवारीत रे यांनी 80 आज्ञांचा एकच ‘पूर्वज’ स्मृतीत सोडला. तो आपले दोन्ही टोकांचे ठाव शोधी, लांबी मोजी, तेवढी मोकळी जागा मिळवी आणि एकेक आज्ञा उतरवून घेई. जागा भरत आली, की साधारणपणे वयाने वडील आणि कामात चुका करणारे प्रोग्राम आधी हटवले जात. थोड्याच वेळात 45 आज्ञांचे जीव दिसू लागले. इतक्या कमी आज्ञांत नक्कल करणे शक्य वाटत नव्हते आणि ते खरेच होते: उतरवून घेण्याचा भागच त्यांच्यात नव्हता. ते खुणेची आकृती दाखवत, शेजाऱ्याच्या प्रोग्राममध्ये जुळणारी आकृती सापडे आणि त्याचाच तो भाग वापरून ते आपली प्रत काढत. परजीवी! शेजाऱ्याच्या घरात लिहिण्याची मनाई होती, पण वाचण्याची नव्हती. ती फट उत्क्रांतीने शोधली. पुढे परजीवींना दाद न देणारे पोशिंदे आले, त्यानंतर परजीवींच्याच वाट्याचा प्रक्रिया-वेळ (प्रोग्राम चालवायला संगणक देतो तो वेळ) पळवणारे अतिपरजीवी आले. यातले काहीही रे यांनी लिहून ठेवलेले नव्हते.

टिएराच्या धर्तीवर 1993 मध्ये कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठात ‘अविडा’ ही प्रणाली तयार झाली. क्रिस अदामी, चार्ल्स ओफ्रिया आणि टायटस ब्राउन हे तिचे कर्ते. इथे जीवांना साधी तार्किक गणिते सोडवता आली, तर बक्षीस म्हणून जादा प्रक्रिया-वेळ मिळतो. लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक व अदामी यांनी 2003 मध्ये तिच्यावर एक जुना वाद तपासला: गुंतागुंतीचा अवयव टप्प्याटप्प्याने घडतो का? नऊ गणितांतले सर्वांत अवघड म्हणजे दोन संख्यांचे अंक जागच्या जागी सारखे आहेत का, हे सांगणे. सोप्या गणितांनाही बक्षीस होते तेव्हा 50 पैकी 23 वसाहतींना ते जमले. फक्त अवघड गणितालाच बक्षीस ठेवले तेव्हा 50 पैकी एकीलाही नाही. वंशावळ उलगडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. यशाच्या वाटेवर काही पावले चक्क नुकसानीची होती.

असे जीव प्रयोगकर्त्यालाही चकवतात. ओफ्रिया यांना एकदा जलद वाढ देणारी उत्परिवर्तने (नकलेतल्या चुकांमुळे होणारे बदल) नको होती, म्हणून प्रत्येक नव्या जीवाला वेगळ्या ठिकाणी तपासून, वेगवान निघाल्यास बाद करायची त्यांनी सोय केली. काही काळ वाढीचा वेग स्थिर राहिला आणि मग चढू लागला. शोध घेतल्यावर कळले, की तपासणीच्या जागी गणितांसाठी मिळणारे आकडे नेहमीच्या आकड्यांहून वेगळे होते. ते ओळखून जीव तेवढ्यापुरते मेल्याचे सोंग घेत आणि बाहेर पडताच भराभर वाढत.

मर्यादा उघड आहेत. अविडात बक्षिसे माणूस ठरवतो, त्यामुळे ‘काय उत्क्रांत झाले’ यापेक्षा ‘कुठल्या वाटेने झाले’ हा भागच जास्त भरवशाचा मानावा. ई. कोलायबद्दल थेट काही हवे असेल, तर ई. कोलायच वाढवावा लागतो. या विषयात दाव्यांची सरमिसळही फार होते. डोळा 4 लाखांहून कमी पिढ्यांत घडू शकतो, हा निल्सन व पेल्गर यांचा 1994 चा निष्कर्ष संगणकावरील सिम्युलेशन म्हणून सर्रास सांगितला जातो; प्रत्यक्षात तो गणिती अंदाज होता.

तरीही संगणकावरचे भाकीत पुढे जिवंत पेशींत पडताळले गेल्याचे उदाहरण आहे. 2001 मध्ये अविडावर असे आढळले, की उत्परिवर्तनाचे प्रमाण फार वाढले तर वेगाने वाढणारा पण नाजूक जीव मागे पडतो आणि संथ पण चुका पचवणारा तगतो. 2006 मध्ये स्पेनमधील संशोधकांनी शेवंतीच्या झाडांत दोन व्हिरॉइड एकत्र सोडले. व्हिरॉइड म्हणजे विषाणूहूनही साधा, आरएनएचा नुसता तुकडा. एरवी वेगवान व्हिरॉइड जिंके. झाडांवर अतिनील किरण सोडून उत्परिवर्तने वाढवल्यावर मात्र संथ व्हिरॉइडने त्याला मागे टाकले.