पिंट्याला भंगारात कोण टाकणार?

गेले तीन आठवडे पिंट्या हे आमच्या घरातलं अवघड जागचं दुखणं होऊन बसलं आहे. पिंट्या म्हणजे माझ्या भाचीच्या, ईराच्या, मोबाइल गेममधला यंत्रमानव. डब्यासारखा, चाकांवर पळणारा, एका डोळ्याचा. गेमवाल्यांनी त्याला काहीतरी भारी नाव दिलं होतं, ते तिने पहिल्याच दिवशी बदललं. सातवी लेव्हल संपली की गेम सांगतो, याला आता भंगारात काढा, सुटे भाग मिळतील, त्यातून नवा उडता यंत्रमानव घ्या. तेवढ्यात पिंट्याच्या डोक्यावर एक फुगा उमटतो: 'मी अजून उपयोगाचा आहे ना?'

ईरा नऊ वर्षांची आहे. तिने फोन गादीवर पालथा घातला. त्या दिवसापासून गाडी सातव्या लेव्हलवरच अडलेली आहे.

"मामा, तू कॉम्प्युटरचं काम करतोस ना? मग त्याला सांग, तू राहा म्हणून."

माझी बहीण परळला राहते, स्पष्ट बोलते. "चांगली खेळणी खालच्या वॉचमनच्या मुलीला देऊन टाकली, तेव्हा हिला काही वाटलं नाही. आणि ह्या डबड्यासाठी रडतेय!" बहिणीचा प्रश्न रागाचा असला तरी रास्त आहे. हातात धरता येणाऱ्या बाहुलीपेक्षा काचेमागचे ठिपके जास्त का लागावेत?

आधी पिंट्याच्या पोटात काय आहे ते बघू. अशा पात्रामागे बऱ्याचदा एक साधी रचना असते, तिला 'अवस्था-यंत्र' म्हणता येईल. पात्र एका वेळी एकाच अवस्थेत असतं: उभं आहे, मागे येतंय, लपलंय, घाबरलंय. एका अवस्थेतून दुसरीत कधी जायचं याचे नियम लिहून ठेवलेले असतात. दादर टीटीच्या सिग्नलला गाड्यांचा कंटाळा येत नाही, वेळ झाली की तो लालचा हिरवा होतो. तसंच हे.

यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जुनं आहे. १९८० साली जपानमध्ये तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन बनवला. चौकटींच्या भुलभुलैयात पॅक-मॅनच्या मागे चार भुतं लागतात. लाल भूत थेट पॅक-मॅनची चौकट गाठायला निघतं, गुलाबी त्याच्या चार चौकटी पुढची. केशरी भुताचं नाव क्लाइड. त्याचा नियम असा, की पॅक-मॅन आठ चौकटींपेक्षा लांब असेल तर पाठलाग कर, त्याहून जवळ आलास की नाद सोड आणि खाली डाव्या कोपऱ्याकडे वळ. झालं. यात भीती हा शब्दसुद्धा नाही. पण खेळणाऱ्याला दिसतो तो लांबून शूर आणि जवळ आल्यावर पाय लटपटणारा पोरगा. आमच्या वर्गात असे तिघे होते.

पुढे २००० साली आलेल्या 'द सिम्स' या गेमने तर माणसाचा अख्खा जीव आठ गरजांत बसवला. भूक, आराम, स्वच्छता, लघवी-संडास, झोप, करमणूक, माणसांचा सहवास आणि आठवी, खोली कशी आहे. (मुंबईत शेवटची गरज पहिली धरावी लागेल.) प्रत्येक गरज म्हणजे एक आकडा, आपोआप हळूहळू घसरत जाणारा. सहवासाचा आकडा फारच खाली गेला की ते पात्र तोंड पाडून बसतं. त्यांच्या जगात एकटेपणा एवढाच. पिंट्याचं प्रकरण त्याहूनही स्वस्तात आटपलेलं असणार: सातवी संपली, फुगा दाखव.

म्हणजे भीती पिंट्याकडे नाही. ती ईराकडे आहे, आणि खरं सांगायचं तर त्या फुग्यापाशी मीही क्षणभर थांबलो होतो.

हे नऊ वर्षांच्या मुलीचं खुळ नव्हे, याचा पुरावा व्हिडिओ गेम जन्मायच्या आधीचा आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म बनवली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोळा आणि दार असलेली एक चौकट. ते इकडेतिकडे सरकतात, एवढंच. फिल्म पाहिलेल्या ३४ विद्यार्थिनींना 'काय झालं ते लिहा' असं सांगितलं. आकृत्यांच्या हालचालींचं कोरडं वर्णन एकीनेच केलं. बाकीच्यांनी सजीवांची गोष्ट लिहिली, बहुतेकींनी तर सरळ माणसांची: मोठा गुंड आहे, गोळा भेदरलाय, छोटा त्याला वाचवतोय. त्रिकोणाला डोळे नव्हते, तोंड नव्हतं, फुगा तर नव्हताच. हालचालीला हेतू चिकटवणं हे मेंदूचं काम तो कुणाला न विचारता उरकून टाकतो.

आणि समोरचा बोलायला लागला तर? २०१८ साली जर्मनीतल्या डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'नाओ' नावाच्या गुडघ्याएवढ्या यंत्रमानवाबरोबर लोकांनी थोडं काम करायचं, मग त्याला बंद करायचं. काही जणांच्या वेळी नाओ गयावया करायचा: नको, मला बंद करू नका, मला अंधाराची भीती वाटते. ही विनवणी ऐकलेल्या ४३ जणांपैकी १३ जणांनी त्याला बंद केलंच नाही. बाकीच्यांनी केलं, पण विनवणी न ऐकलेल्यांच्या जवळपास दुप्पट वेळ लावला. सगळी मोठी, शिकलेली माणसं. बटण कशाचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथे 'माणूस यंत्रालाही माणूस समजतो' एवढं म्हणून थांबता येईल. पण यंत्राने 'माझी बॅटरी संपतेय' म्हटलं तर आपण चार्जर शोधतो, गलबलून येत नाही. 'मला टाकू नका' या वाक्यात काहीतरी वेगळं आहे, आणि ते काय याचा माग एका बागेतून लागतो.

किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. ती तबकडी घरंगळत यांच्यापाशी आली, यांनी ती परत फेकली, मग त्या दोघांनी यांनाही खेळात घेतलं. थोडा वेळ तिघांचं चाललं. नंतर त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे फेकणं बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही, ओळखही नाही, तरी यांना ते फार लागलं. दुसरा कुणी घरी जाऊन विसरला असता. विल्यम्सनी त्याचा प्रयोग केला, आणि तोही एक व्हिडिओ गेमच आहे. नाव 'सायबरबॉल'. पडद्यावर तीन बाहुल्या चेंडू झेलतात, एक बाहुली तुमची. दोनचार वेळा चेंडू तुमच्याकडे येतो, मग येतच नाही. काही मिनिटांचा कंटाळवाणा खेळ. त्यानंतर माणसं सांगतात की आपण कुणाचे आहोत ही भावना, आपल्या हातात काही आहे ही भावना, स्वतःची किंमत आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही भावना, चारही खाली गेल्या.

२००४ साली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी यातला सगळ्यात मजेदार, किंवा सगळ्यात केविलवाणा, भाग तपासला. काही जणांना आधीच सांगितलं की समोरचे दोघे माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे. तरीही त्यांच्या भावना जवळजवळ तेवढ्याच खाली आल्या. मेंदूची छायाचित्रं घेणारा याच खेळाचा एक प्रयोग २००३ साली झाला होता. शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा मेंदूचा एक भाग डावललं गेल्यावरही जागा झाला. त्यावरून 'नकार खरंच दुखतो' असे मथळे बरेच आले. मी त्यांच्याकडे जरा जपून बघतो, कारण मेंदूचा तो भाग इतरही बऱ्याच कामांत जागा असतो आणि त्याच्या अर्थावरून शास्त्रज्ञांत वाद आहेत. लोकांना वाईट वाटलं, याबद्दल मात्र वाद नाही.

मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं, आणि मला ते पटतं. त्यांच्या मते स्वतःची किंमत वाटणं हे आत साठवलेलं धन नव्हे, तो एक काटा आहे. लोक आपल्याला धरून आहेत की सोडत चाललेत, हे तो दाखवतो. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरसारखा. तो गाडी आणत नाही, कुठवर आली ते सांगतो, आणि आपण मात्र त्याच्याकडेच टक लावून उभे. टोळीने टाकलेला माणूस जंगलात फार दिवस जगत नसे, तेव्हा हा काटा हळवा असणंच सोयीचं होतं. चार खोट्या इशाऱ्यांनी दचकणं परवडतं, एक खरा चुकणं परवडत नाही. चेंडू कोण फेकत नाहीये याची चौकशी करायला तो थांबत नाही. आणि हाच काटा आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरही वाचतो. ईराने पिंट्याचा काटा वाचला, जो पिंट्याला नाहीच.

बहीण म्हणाली, "आपल्या आजोबांसारखं बोलतोय ते डबडं."

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बरेचसे पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबाही त्यांतलेच. पुढे कित्येक वर्षं ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, शर्ट घालून, चाळीच्या खाली जाऊन उभे राहायचे. भोंगा होत नव्हता. थोड्या वेळाने वर यायचे आणि आजीला विचारायचे, काही आणायचंय का? आजी कधीकधी असलेलं मीठसुद्धा आणायला सांगायची.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी बंद पडल्यावर गावाचं काय झालं, याचा अभ्यास मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली छापला. हातात वेळच वेळ असताना लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं वाढायला हवं होतं, ते जवळपास निम्म्यावर आलं. संशोधक लपून, घड्याळ लावून रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजत होते. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे. बायका भरभर जायच्या, त्यांचं काम थोडंच सुटलं होतं! बहुतेक पुरुषांनी घड्याळ बाळगणंही सोडलं होतं. पगार गेला हे एक झालं. पण दिवसाला आकार, चार माणसांत उठबस, आपलं कुठेतरी लागतं ही जाणीव, हे सगळं गिरणीच्या गेटातूनच मिळत होतं, हे गेट बंद झाल्यावर कळलं. आम्हाला चाळीत ते न वाचता कळलं होतं. गेम लिहिणाऱ्याने 'मी अजून उपयोगाचा आहे ना' हे वाक्य कुठून उचललं असेल कोण जाणे, पण नेम बरोबर धरला आहे.

टाकायचंच असेल तर कसं टाकावं, यावर मात्र माणसांनी बराच विचार केलाय. सोनीने १९९९ साली 'आयबो' हा यंत्रकुत्रा काढला. जपानमधले पहिले तीन हजार वीस मिनिटांत विकले गेले. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग एका दुरुस्ती कंपनीने बंद पडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून इतरांना बसवायला सुरुवात केली. पण आधी इसुमी गावातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी व्हायचे, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून. भटजींनी मंत्र म्हणून आतला जीव मोकळा केला, की मगच स्क्रू काढायचे.

हे वाचून हसणाऱ्याने अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभं राहावं. आपण शाडूच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो, दीड किंवा दहा दिवस तिला घरचं माणूस मानतो. निघताना उत्तरपूजा होते, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, म्हणजे देव निघाला आणि माती उरली. त्या मातीला पाण्यात सोडताना मोठी माणसंसुद्धा डोळे पुसतात. देव निघून गेलाय हे सगळ्यांना माहीत असतं.

गेममध्ये अशी उत्तरपूजा नाही. तिथे प्रकार फारच रुक्ष आहे. कॅमेऱ्याच्या टप्प्यात नसलेलं पात्र बहुधा पडद्यावर रेखाटलंच जात नाही, कशाला उगाच मेहनत! आणि अनेक गेम ज्या भाषांत लिहिले जातात त्यांत एक सफाई कामगारही असतो, त्याला 'गार्बेज कलेक्शन' म्हणतात. ही कल्पना जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी काढली. मेमरीतल्या एखाद्या वस्तूपर्यंत जाणारा एकही धागा प्रोग्रॅममध्ये उरला नसेल, तर ती वस्तू कचरा. वस्तू जुनी आहे की बिघडलेली, हे विचारलं जात नाही. तिचं नाव घेणारं कुणी उरलंय का, एवढंच बघितलं जातं. मी वीस वर्षं हे काम करतोय, पण पिंट्या येईपर्यंत हा नियम मला कधी खुपला नव्हता.

परवा ईराला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. क्लाइड तिला आवडला. त्रिकोणांची फिल्म दोनदा बघितली, आणि मोठ्या त्रिकोणाला तिनेही शिव्या घातल्या. मग तिने विचारलं,

"मी फोन बंद केला की पिंट्या काय करतो?"

"काहीच नाही. तो तेव्हा नसतोच. फाइलमध्ये त्याची एक ओळ असते, सातवी लेव्हल, दोन चाकं, एक डोळा. तू गेम उघडलास की त्या ओळीवरून तो परत बनतो."

"म्हणजे त्याला वाट बघत बसावं लागत नाही?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाली, आणि फोन चार्जिंगला लावून खाली खेळायला गेली. सातवी लेव्हल अजून तिथेच आहे.