प्रवासी बोटीचा सर्वेक्षण दाखला: लाइफ जॅकेट आणि लाइफ राफ्टची साठवण, पात्रता व कागदपत्रे

बेलापूर, नेरूळ, ऐरोली किंवा ठाणे खाडीच्या कोणत्याही धक्क्यावरून पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या यंत्रचलित बोटीला वैध सर्वेक्षण दाखल्याशिवाय, म्हणजे बोट तपासून ती सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राशिवाय, पाण्यात उतरता येत नाही. 1917 चा जुना कायदा रद्द करून आलेल्या अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार सर्वेक्षण, नोंदणी, विमा आणि कर्मचाऱ्यांची सक्षमता प्रमाणपत्रे ही एकमेकांत गुंतलेली कामे आहेत. आपल्या राज्यात ती 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळामार्फत होतात. जीवरक्षक साधने हा या सर्वेक्षणाचा एक भाग आहे, आणि बोटमालक त्याच भागाला सर्वांत हलक्यात घेतात. जॅकेटांची संख्या भरली म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सर्वेक्षकाला दोन गोष्टी ताडून पाहायच्या असतात. कागदावर लिहिलेले साधन खरोखर बोटीवर आहे का, आणि बोट कलंडायला लागली तर ते क्षणात हाती येईल अशा जागी ठेवले आहे का. त्यामुळे साठवणुकीची व्यवस्था आधी लावावी आणि अर्ज त्यानंतर भरावा, हा क्रम सोयीचा ठरतो.

कोणी अर्ज करायचा

अर्ज बोटीच्या मालकाने करायचा असतो. मालक व्यक्ती असो, भागीदारी संस्था, कंपनी किंवा सहकारी संस्था असो, त्याच्या वतीने दुसरे कोणी कार्यालयात जाणार असेल तर सहीशिक्क्याचे अधिकारपत्र सोबत असावे. बोट भाडेतत्त्वावर चालवणाऱ्या ठेकेदाराने मूळ मालकाचे संमतिपत्र व करारनामा जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकण्याची अपेक्षा ठेवू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी येथील कोळीवाड्यांतील मासेमारी नौकांची नोंदणी व परवाना हा मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय असून त्यासाठी ‘रिअलक्राफ्ट’ ही स्वतंत्र ऑनलाइन प्रणाली आहे. त्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत. फ्लेमिंगोच्या हंगामात ओळखीच्या पाहुण्यांना खाडीत फिरवून आणणे वरवर निरुपद्रवी वाटते, पण माणशी पैसे घेतले की ती प्रवासी वाहतूक होते, आणि मासेमारीच्या परवान्याच्या आधारे तिचा बचाव करता येत नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावातील पायाने चालवायच्या बोटींसारख्या नौका यंत्रचलित नाहीत. त्यांच्या बाबतीत महापालिकेने ठेकेदाराशी केलेल्या करारातील अटी पाहाव्या लागतात. जॅकेटाची गरज मात्र तेथेही तितकीच आहे, कारण जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळकरी मुले बुडाली ती तलावातच.

फाईलमध्ये काय असावे

विहित नमुन्यातील अर्ज आणि शुल्क भरल्याची पावती यांच्याबरोबर नोंदणी प्रमाणपत्र, मागील सर्वेक्षण दाखला, चालू विमा पॉलिसी, तसेच सारंग (बोटीचा मुख्य चालक) व इंजिन ड्रायव्हर यांची सक्षमता प्रमाणपत्रे जोडावीत. बोट नवी असेल तर बांधणाऱ्या यार्डाचे प्रमाणपत्र आणि बोटीचा सर्वसाधारण आराखडा लागतो. या आराखड्यावर जॅकेटांचे कप्पे, लाइफबॉय रिंगा (बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती कडी), लाइफ राफ्ट (बोट बुडाल्यास माणसांनी चढायचा तराफा) आणि अग्निशामक यांच्या जागा दाखवून घ्याव्यात, कारण पाहणीच्या वेळी सर्वेक्षक हाच कागद हातात घेऊन फिरतो. अग्निशामक नळकांड्यांच्या पुनर्भरणाचा दाखलाही याच फाईलमध्ये लावावा.

जीवरक्षक साधनांची यादी वेगळ्या पानावर करावी. ‘लाइफ जॅकेट, नग 60’ एवढी नोंद पुरेशी नाही. प्रौढांची किती, मुलांची किती, उत्पादकाचे नाव, उत्पादनाचे वर्ष, मान्यतेचा क्रमांक आणि बोटीवरील जागा असे रकाने करावेत आणि खरेदीचे बिल व मान्यता प्रमाणपत्राची प्रत त्यामागे लावावी. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार प्रौढ जॅकेट 43 किलो व त्यापुढील वजनासाठी, मुलांचे 15 ते 43 किलोसाठी आणि तान्ह्या बाळाचे 15 किलोच्या आतील वजनासाठी असते. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून वर सरकते आणि तोंड पाण्याच्या वर ठेवण्याऐवजी चेहऱ्यावर येते, म्हणून मुलांचा आकडा अंदाजाने टाकू नये.

जॅकेटांची साठवण

याच प्रमाणानुसार जॅकेटाशी अपरिचित असलेल्या माणसांपैकी किमान 75 टक्के लोकांना ते कोणाच्याही मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता आले पाहिजे. ही चाचणी उत्पादकासाठी असली, तरी मालकाने आपल्या कप्प्यांना हीच कसोटी लावावी. नायलॉनच्या दोरीने दहा-दहा जॅकेटांचे गठ्ठे करकचून बांधलेले, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी तशीच, कप्प्याला कुलूप आणि किल्ली सारंगाच्या खिशात, असे दृश्य आपल्याकडे नवे नाही. अशा बोटीवर संख्या शंभर टक्के भरते आणि उपयोग शून्य होतो.

कप्पा प्रवासी बसतात त्याच डेकवर, बाकाखाली किंवा छताला लागून असावा. त्याला कुलूप नसावे, आणि दारावर आतील संख्या व आकार मराठीतही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. कप्प्याला हवा खेळण्यासाठी भोके हवीत. खाडीची खारट दमट हवा आत कोंडली की पट्ट्यांवर बुरशी येते आणि बकलातील स्प्रिंग गंजते. डिझेलचा कॅन, रंगाचे डबे किंवा बॅटरी त्याच कप्प्यात ठेवू नये, कारण तेलाने कापड व आतील फोम दोन्ही खराब होतात. उन्हात लटकवून ठेवलेल्या जॅकेटाचा भगवा रंग पिवळट पडला असेल तर शिवणीचा धागा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. तो सहज तुटत असेल तर ते जॅकेट बाद समजावे. फोम दाबल्यावर पूर्ववत होतो का, शिटी दोरीसह जागेवर आहे का आणि परावर्तक पट्टी सुटलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. उंदराने कुरतडलेले एखादे जॅकेट गठ्ठ्याच्या मधोमध हमखास सापडते, म्हणून वरवरची चार पाहून थांबू नये.

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रवाशांनी जॅकेट अंगात घालूनच बसावे, अशी सक्ती झाली. निर्णय योग्यच आहे, पण त्याने साठवणुकीचा प्रश्न बदलला. पूर्वी वर्षभर कप्प्यात पडून राहणारे जॅकेट आता दिवसातून अनेकदा अंगावर चढते, घामाने भिजते आणि बाकावर फेकले जाते. म्हणून रोज वाटायची जॅकेटे वेगळी ठेवावीत, ती गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत, आणि नादुरुस्त झालेल्यांच्या जागी लगेच घालण्यासाठी काही जादा जॅकेटे बोटीवरच असावीत. प्रत्येक जॅकेटावर बोटीचे नाव आणि अनुक्रमांक रंगवला की यादीशी मेळ घालणे सोपे जाते.

लाइफ राफ्ट

प्रत्येक लहान लाँचला राफ्ट लागतोच असे नाही. बोटीचा प्रकार आणि तिला मंजूर झालेले जलक्षेत्र पाहून ते ठरते, आणि बऱ्याच ठिकाणी लाइफबॉय रिंगा व बाजूने धरून तरंगता येणारी उपकरणे मान्य होतात. राफ्ट असेल तर मात्र त्याची देखभाल काटेकोर हवी. फुगवायच्या राफ्टची मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनमध्ये साधारणतः दर 12 महिन्यांनी तपासणी करावी लागते, आणि तेथील दाखला सर्वेक्षणाच्या फाईलमध्ये जातो.

राफ्टचा पांढरा डबा उघड्या डेकवर पाळण्यात, म्हणजे तो बसवायच्या चौकटीत, ठेवावा. त्याच्यावर छप्पर, ताडपत्री किंवा जादा दोर नसावा. डबा ज्या पट्ट्याने बांधलेला असतो त्यात हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिट बसवतात. बोट बुडाल्यावर पाण्याच्या दाबाने ते 4 मीटर खोलीच्या आत सुटते आणि राफ्ट वर येतो. राफ्टचा पेंटर दोर (राफ्टला बोटीशी जोडणारा दोर) या युनिटच्या कमकुवत दुव्याला, म्हणजे ताण आल्यावर मुद्दाम तुटणाऱ्या भागाला, जोडायचा असतो. तो थेट डेकच्या कडीला पक्का बांधला तर राफ्ट बोटीबरोबर तळाला जातो. एकदाच वापरायच्या युनिटवर महिना व वर्ष कोरलेले असते आणि त्याची मुदत दोन वर्षांची असते.

आपल्या खाडीत याला आणखी एक बाजू आहे. ओहोटीला ठाणे खाडीचा बराच भाग इतका उथळ होतो की बोट चिखलात टेकेल, पण युनिट सुटण्याइतका दाब तयारच होणार नाही. त्यामुळे हाताने सोडायचा हुक गंजलेला नसावा, आणि तो कसा उघडायचा हे सारंगाबरोबर प्रत्येक खलाशाला करून दाखवता आले पाहिजे.

पाहणीचा दिवस आणि त्यानंतर

पावसाळ्यात, साधारणपणे 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात, किनाऱ्यावरील प्रवासी जलवाहतूक बंद असते. दुरुस्ती व सर्वेक्षणासाठी हाच काळ सोयीचा असतो, पण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच मालक रांगेत येतात. राफ्ट सर्व्हिसिंगला जूनमध्येच पाठवावा. पाहणीला कप्पे उघडून, जॅकेटे गठ्ठे सोडून आणि कर्मचारी हजर ठेवून सामोरे जावे. त्रुटी निघाल्यास ती लेखी घ्यावी आणि पूर्तता केल्यावर बिलासह कळवावी.

दाखला मिळाल्यावर तो प्रवाशांना दिसेल असा बोटीवर लावायचा असतो. दाखल्यात लिहिलेली प्रवासीसंख्या गर्दीच्या रविवारीही तीच राहते. वर्षाच्या मध्ये जॅकेटे बदलली तर यादी त्याच दिवशी दुरुस्त करावी. हंगाम सुरू असताना राफ्ट तपासणीला पाठवावा लागला, तर तितक्याच क्षमतेचा बदली राफ्ट त्याच्या वैध दाखल्यासह बोटीवर चढेपर्यंत फेऱ्या बंद ठेवाव्यात.