डिजिटल इनपुट मॉड्यूल: ‘टाइप 1’ ते ‘टाइप 3’ची पार्श्वभूमी

मशीनवरच्या स्विच-सेन्सरचा ‘चालू-बंद’ सिग्नल कंट्रोलरसाठी वाचतं ते डिजिटल इनपुट मॉड्यूल. त्याच्या डेटाशीटवर ‘टाइप 1’ किंवा ‘टाइप 3’ असं छापलेलं असतं. खरेदीच्या वेळी ही ओळ सहसा वाचली जात नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणत्या काळात कसला स्विच बसायचा, ते मात्र तिच्यातूनच कळतं.

जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने 1968 मध्ये रिले (विद्युतचुंबकी स्विच) पॅनेलना पर्याय मागितला आणि त्यातून मोडिकॉन 084 हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, उभा राहिला. तिथले लिमिट स्विच (मशीनचा भाग टेकला की दाबले जाणारे) आणि पुशबटणं 120 व्होल्ट एसीवर चालत, म्हणून सुरुवातीचे इनपुटही एसीचे. आपल्याकडच्या जुन्या पॅनेलांतही कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा 110 व्होल्ट एसी सर्रास दिसतो. एसीची खोड अशी, की लांब केबलमध्ये शेजारच्या तारा कपॅसिटरसारख्या वागतात आणि स्विच उघडा असतानाही इनपुटचा दिवा मंद पेटतो. शिवाय 50 हर्ट्झला दर 10 मिलिसेकंदांनी व्होल्टेज शून्यावर येतं. तेवढ्याने ‘बंद’ वाचलं जाऊ नये म्हणून फिल्टर संथ ठेवावा लागतो.

पेपर्ल अँड फुक्सने 1958 मध्ये इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विच (स्पर्शाविना धातू ओळखणारा सेन्सर) आणला. ट्रान्झिस्टर आउटपुटचे असे सेन्सर पसरले तसा 24 व्होल्ट डीसी रूढ झाला. युरोपने पीएनपी (चालू होताना इनपुटला धन बाजू जोडणारं आउटपुट) धरलं, जपानी मशीनवर एनपीएन (ऋण बाजू जोडणारं) आलं. हा फरक निव्वळ सवयीचा नाही. 24 व्होल्टची ऋण बाजू अर्थिंगला, म्हणजे मशीनच्या बॉडीला, जोडलेली असेल, तर एनपीएनची सिग्नल तार घासून बॉडीला लागताच इनपुट खोटंच ‘चालू’ दिसतं. पीएनपीत तोच दोष फ्यूज उडवतो किंवा सिग्नल बंद पाडतो, आणि मशीन थांबणं हे आपोआप सुरू होण्यापेक्षा कधीही बरं.

आयईसी 61131-2 या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने हे आकड्यांत बांधलं. टाइप 1 यांत्रिक संपर्क आणि तीन-तारी (पुरवठ्याच्या दोन, सिग्नलची वेगळी) सेन्सरसाठी: 5 व्होल्टपर्यंत बंद, 15 च्या वर चालू. मधला पट्टा अनिश्चित, आणि दोन-तारी सेन्सर नेमका तिथेच फसवतो. त्याला सिग्नलच्या तारेतूनच वीज घ्यावी लागते, म्हणून तो बंद असतानाही 1.5 मिलिअँपिअरपर्यंत गळती सोडू शकतो. 24 व्होल्टला 5 मिलिअँपिअर घेणारं इनपुट म्हणजे साधारण 4.8 किलोओहम, त्यावर या गळतीने 7 व्होल्ट उभे राहतात. इनपुट आणि कॉमन (सामाईक ऋण बाजू) यांमध्ये 2.2 किलोओहम, 1 वॉटचा रेझिस्टर टाकला की व्होल्टेज अडीचच्या खाली येतं.

टाइप 2 दोन-तारी सेन्सरसाठीच होता, पण त्याला किमान 6 मिलिअँपिअर लागत. मॉड्यूल 8 वरून 32 चॅनेलवर (इनपुटांवर) गेलं तेव्हा ही उष्णता परवडेना. टाइप 3 ने 11 व्होल्टला आणि किमान 2 मिलिअँपिअरवर ‘चालू’ मानलं, 1.5 मिलिअँपिअरची गळतीही पचवली. अडीच मिलिअँपिअर धरले तर 32 चॅनेल मिळून 2 वॉटच्या आत; पाच धरले तर जवळजवळ 4.

किंमत मात्र जुन्या लिमिट स्विचने मोजली. तेलकट, काळवंडलेल्या संपर्कावरचा थर फोडायला 2-3 मिलिअँपिअर कधीकधी पुरत नाहीत. मॉड्यूल बदलल्यावर वर्षानुवर्षं नीट चाललेला स्विच अधूनमधून चुकायला लागतो, आणि दोष नव्या मॉड्यूलवर जातो. अशा ठिकाणी सोन्याचा मुलामा असलेले संपर्क घ्यावेत, किंवा तोच 2.2 किलोओहम लावावा. संपर्कातून 11 मिलिअँपिअर जास्त वाहतात. फक्त गरज आहे त्या चॅनेललाच लावा, कारण प्रत्येकी पाव वॉट धरला तरी सगळ्या 32 चॅनेलवर मिळून पॅनेलमध्ये 8 वॉट उष्णता परत येते.