मेम्ब्रेन टाकी

द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) वाहून नेण्यासाठी जहाजाच्या दुहेरी कवचाला आतून उष्णतारोधक थर आणि त्यावर धातूचा पातळ पत्रा लावून बांधलेली टाकी. मॉस पद्धतीची गोल टाकी आपला भार आपणच पेलते. मेम्ब्रेन टाकीतला पत्रा मात्र फक्त गळती अडवतो. सगळा भार उष्णतारोधक थरातून कवचावर जातो. म्हणून या टाकीची बळकटी जोखायची तर आधी त्या थरातले फोम आणि प्लायवूड तपासावे लागतात.

एलएनजीचे तापमान सुमारे −१६२° से. असते. एवढ्या थंडीत स्टेनलेस स्टील मीटरमागे सुमारे ३ मिमी. आकसते, म्हणजे ४० मी. लांबीच्या टाकीत १० सेंमी.हून जास्त. सपाट पत्र्याचे वेल्डिंग हा ताण सोसणार नाही. म्हणून फ्रान्सच्या जीटीटी कंपनीच्या ‘मार्क ३’ पद्धतीत १.२ मिमी. जाडीच्या पत्र्यावर उभ्या-आडव्या पन्हळी असतात. पत्रा आकसताना त्या किंचित उलगडतात. ‘एनओ ९६’ पद्धतीत ०.७ मिमी. जाडीचा इन्व्हार हा ३६% निकेलचा मिश्रधातू वापरतात. तो फारच कमी आकसतो, त्यामुळे पन्हळींची गरज पडत नाही. त्यामागे उष्णतारोधक द्रव्य भरलेल्या प्लायवूडच्या पेट्या असतात. कतारहून गुजरातमधील दहेज बंदराला एलएनजी आणणारे ‘दिशा’ जहाज मेम्ब्रेन टाक्यांचेच आहे.

स्थिर द्रवाचा दाब मोजणे सोपे. २७ मी. खोल एलएनजी तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १२ टन भार टाकतो. खरा धोका द्रव हिंदकळण्याचा. अर्धवट भरलेल्या टाकीत लाट भिंतीवर आदळते, तेव्हा क्षणभर, छोट्याशा जागी स्थिर दाबाच्या कितीतरी पट दाब येतो. पन्हळी चेपतात, फोम चिरडतो, पेट्यांची झाकणे मोडतात. १९६९ मध्ये ‘पोलर अलास्का’ जहाजावर टाकीत थोडाच द्रव असताना त्याच्या हिंदकळण्याने केबलचे आधार तुटले आणि पत्र्याला भोके पडली. आता टाकीचे कोपरे तिरपे कापतात. भर समुद्रात द्रवाची पातळी साधारणपणे टाकीच्या लांबीच्या १०% हून कमी किंवा उंचीच्या ७०% हून जास्त ठेवतात.

जहाजाचे साधे पोलाद एलएनजीच्या थेट स्पर्शाने ठिसूळ होऊन तडकते. म्हणून पहिल्या पत्र्यामागे दुसरा अडसर सक्तीचा आहे. द्रवरूप वायू वाहणाऱ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयजीसी संहितेनुसार त्याने संभाव्य गळती १५ दिवस थोपवून धरली पाहिजे. दोन्ही अडसरांमधल्या जागेत नायट्रोजन खेळवतात आणि त्यात मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) आढळतो का, यावर सतत लक्ष ठेवतात.