विसरलं म्हणजे नेमकं कुठे बिघडलं?

शेतावरून घरी आल्यावर पाण्याची मोटार बंद केली की नाही ते आठवत नाही. परवा पाठ केलेली सनावळ आज पेपरात येत नाही. लग्नात समोर आलेल्या पाहुण्यांचं नाव ओठांवर आहे, पण बाहेर पडत नाही. तिन्ही वेळा आपण ‘विसरलो’ म्हणून मोकळे होतो; अहिराणीत ‘ध्यानमाच नही ऱ्हायनं’. मेंदूत मात्र हे तीन निरनिराळे बिघाड आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. भिजवलेले बदाम हा तिन्हींपैकी एकावरही इलाज नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

स्मृती माणसाची असो, फोनची असो की लशीने शरीराला दिलेली असो, तिचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी नोंद व्हावी लागते, मग ती टिकावी लागते आणि वेळेला सापडावी लागते. मोटारीच्या बाबतीत नोंदच झाली नव्हती. सनावळीची नोंद झाली, पण टिकली नाही. पाहुण्यांचं नाव आत शाबूत आहे, फक्त सापडत नाही.

फोनचं प्रकरण सोपं आहे, म्हणून ते आधी. दुकानदार ‘आठ-एकशेअठ्ठावीस’ म्हणतो तेव्हा तो दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो. ८ जीबी ही रॅम. तिथे प्रत्येक बिट (० किंवा १) म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. फोन बंद झाला की सगळं पुसलं. १२८ जीबी हे स्टोरेज; तिथे इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांच्या आत कोंडून ठेवलेले असतात आणि वीज नसतानाही वर्षानुवर्षं राहतात. ‘मेमरी फुल झाली’ ही तक्रार नेहमी स्टोरेजची असते, आणि अॅप मागून बंद करत बसल्याने त्यात एक एमबीही मोकळी होत नाही. ६४ जीबीचं कार्ड लावल्यावर ५९.६ दिसतं त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कारखाना १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर काही यंत्रं १०७ कोटी ३७ लाखांच्या वर धरतात.

कोंडलेले इलेक्ट्रॉनही गळतात, आणि उष्णतेत जास्त वेगाने गळतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो त्याच्याही बराच वर असतो. लग्नाच्या फोटोंची एकमेव प्रत असलेलं कार्ड तिथे ठेवू नये. कार्डावरचे फोटो चुकून डिलीट झाले, तर पहिलं काम म्हणजे कार्ड बाहेर काढणं. डिलीट केल्यावर बहुतेक वेळा फोटो जागेवरच असतो, ती जागा ‘रिकामी’ असल्याची नोंद तेवढी होते. नवा फोटो तिथे लिहिला गेला की जुना कायमचा गेला. फोनच्या अंगच्या स्टोरेजमधून असं काही परत मिळणं जवळपास अशक्य असतं. तिथे आधी गॅलरीतला ट्रॅश बघावा. त्यात फोटो साधारण ३० दिवस राहतात.

माणसाचा मेंदू असा कप्प्यांत फोटो ठेवत नाही. अनुभव येतो तेव्हा पेशी-पेशींमधले काही जोड बळकट होतात, आणि आठवताना त्या जोडांवरून प्रसंग नव्याने उभा केला जातो. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता मोटार. रोजच्या सवयीचं काम हात करतात तेव्हा लक्ष दुसरीकडे असतं. लक्ष नसेल तर नोंद नाही. घरी बसून कितीही ताण दिला तरी जे लिहिलंच गेलं नाही ते वाचता येणार नाही. इलाज बटण दाबतानाच करायचा: हात स्टार्टरवर असताना मोठ्याने म्हणायचं, ‘मोटार बंद, मंगळवार.’ मनात म्हटलेल्यापेक्षा तोंडाने उच्चारलेलं जास्त लक्षात राहतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. वार जोडला की आजची नोंद कालच्या नोंदीत मिसळत नाही. गॅस, कुलूप, गोठ्याचं दार, सगळ्यांना हेच लागू.

लक्ष दिलं तरी एका वेळी मनात फार मावत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, कमी-अधिक दोन, असा आकडा मांडला. पुढच्या मोजमापांत तो चारच्या आसपास आला. पण चार काय? चार अंक नव्हे, चार गठ्ठे. आधारचे १२ अंक कार्डावर चार-चार-चार असे छापलेले असतात ते याचमुळे सोपे जातात. मोबाइल नंबर सांगताना पाच-पाचचे दोन गठ्ठे करा आणि मध्ये थांबा. भुसार दुकानात दहा जिन्नस आठवायचे असतील तर ‘वरणाचे तीन, फोडणीचे चार, चहाचे तीन’ असे बांधून न्या. ओळीने दहा नावं घोकत गेलात तर मधली हमखास गळतात.

दुसरा बिघाड टिकण्याचा, आणि जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींचा खरा शत्रू हाच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेली मोजमापं प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१. घसरण सुरुवातीला कडेलोटासारखी आणि नंतर संथ. अर्थ असलेला मजकूर याहून बराच टिकतो, पण वळण साधारण असंच.

म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. नंतरचं अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. २००८ मधल्या एका मोठ्या प्रयोगात असं दिसलं की परीक्षेपर्यंत जितका काळ आहे त्याच्या सुमारे १० ते २० टक्के अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त फळते. परीक्षा ६० दिवसांवर असेल तर ६ ते १२ दिवसांनी. आदल्या रात्री सलग आठ तास बसून सकाळचा पेपर निघतो, हे खरं आहे. पुढच्या महिन्यातल्या मुख्य परीक्षेला मात्र त्यातलं फारसं उरत नाही.

उजळणी म्हणजे पिवळ्या पेनाने ओळी रंगवणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने उलटं झालं: लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना ४२. वाचताना ‘हे तर येतंय’ असं वाटतं ते ओळखीमुळे, आणि ही ओळखच फसवते.

कृती साधी आहे. समजा तापीच्या उपनद्या करायच्या आहेत. नकाशा बघून पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर तापीची रेघ पूर्व-पश्चिम ओढा. डाव्या तीराच्या नद्या प्रवाहाच्या क्रमाने लिहा: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. प्रत्येकीला ठिकाण जोडा; पूर्णेचा संगम चांगदेवला, पांझरेवर धुळे. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका, मिनिटभर झगडा. मग लाल पेनाने चुका भरा आणि पुढच्या खेपेला चुकलेल्यापासून सुरू करा. कागदाची दुसरी बाजू उजव्या तीराच्या अनेर, अरुणावती आणि गोमाईसाठी. अशी १५ मिनिटं तासभर वाचण्यापेक्षा नकोशी वाटतात, कारण त्यांत आपल्याला काय येत नाही ते लगेच उघडं पडतं.

झोपेला कात्री लावली तर हे सगळं वाया जातं. दिवसा कच्च्या झालेल्या नोंदी झोपेतच पक्क्या होतात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला आठवडाभर जाणाऱ्या माणसाला दिवसाच्या गोष्टी लक्षात राहत नाहीत, त्यात त्याच्या वयाचा दोष कमी आणि मोडलेल्या झोपेचा जास्त.

तिसरा बिघाड सापडण्याचा. आठवण एकटी साठत नाही. जागा, वास, आवाज, मनाची अवस्था तिच्यासोबत नोंदली जाते. १९७५ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर ऐकवले, तेव्हा जिथे शिकले तिथेच ते जास्त आठवले. उठून आतल्या खोलीत गेलो आणि कशाला आलो तेच विसरलो, तर परत पहिल्या जागी जावं. बहुतेक वेळा तिथे आठवतं. नाव अडलं असेल तर माणूस सोडून त्याच्या भोवतीचं आठवा: गाव कुठलं, कुणाच्या लग्नात भेटले, सोबत कोण होतं.

पुढे करायचं काम लक्षात ठेवणं हाही सापडण्याचाच प्रश्न आहे. ‘आज गोळी घ्यायची’ हा संकल्प कमकुवत, कारण त्याला आठवण करून देणारं काही नाही. ‘सकाळचा चहा गाळला की बीपीची गोळी’ हा पक्का. घडणारच अशा एखाद्या कामाला नवं काम बांधायचं. सोबत सात कप्प्यांची गोळ्यांची डबी ठेवा. ती ‘घेतली की नाही’ हा मोटारीचा प्रश्नही सोडवते, आणि संशयापोटी दुसरी गोळी घेण्याचा धोका टळतो.

प्रत्येक आठवण नव्याने उभारली जाते, याची किंमतही मोजावी लागते: उभारताना बाहेरचं साहित्य मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या संशोधकांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारल्यावर सरासरी ताशी सुमारे ३२ मैल उत्तर आलं. ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा’ असं विचारल्यावर सुमारे ४१. दुसऱ्या प्रयोगात, आठवड्याने, फुटलेली काच पाहिल्याचं ‘चुराडा’ गटातल्या ३२ टक्के लोकांनी सांगितलं. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. महामार्गावर अपघात पाहिला तर आपल्याला काय दिसलं ते आधी एकट्याने लिहून काढावं, मग चहाच्या टपरीवर चर्चा करावी. उलट क्रमाने गेलात तर टपरीवरचं ऐकलेलंही तुमच्या साक्षीत शिरतं, आणि तुम्ही खोटं बोलत नसता.

हातांची स्मृती याहून निराळी. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नवे प्रसंग नोंदणारा भाग) आणि त्याच्या आसपासचा भाग फिट थांबवण्यासाठी काढला गेला. त्यानंतर त्यांना नवा प्रसंग मिनिटभरही धरून ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दरवेळी त्यांना तो खेळ नवाच वाटे, पण हात मात्र दिवसागणिक सफाईदार होत गेला. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईला ‘पुरण भरलेला उंडा हातावर किती फिरवायचा’ असं विचारलं तर तिला सांगता येत नाही. ती करून दाखवते. हे ज्ञान मेंदूच्या वेगळ्या भागांत असतं, पुस्तकाने येत नाही, आणि विस्मृतीच्या आजारातही बराच काळ टिकतं. नातवाचं नाव चुकणारी आजी कानबाईचं गाणं सुरू झालं की पुढची ओळ धरते, ते यामुळेच. अशा आजीकडून कामं काढून घेऊ नयेत. मेथी निवडणं, वाती वळणं चालू ठेवावं.

मेंदूबाहेरही शरीर लक्षात ठेवतं. गोवर एकदा झाला की स्मृतिपेशी तो जन्मभर ओळखतात. धनुर्वात मात्र होऊन बरा झालेल्यालाही प्रतिकारशक्ती देत नाही, कारण ज्या विषाने माणूस मरतो त्याची मात्रा शरीराने नोंद घेण्याइतकीही नसते. म्हणून तिथे लशीशिवाय मार्ग नाही. सरकारी वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) आहे. पुढे दर १० वर्षांनी एक डोस पुरतो. कापसात विळा लागून माती-शेणाची जखम झाली आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावा. दर खरचटण्याला इंजेक्शन घेणं व्यर्थ आहे. डोसची तारीख फोनमध्ये लिहून ठेवली तर डॉक्टरांनाही ठरवता येतं.

आजार कधी समजायचा? किल्ली कुठे ठेवली ते विसरणं सगळ्यांचंच होतं. किल्लीचं काय करतात ते न सुचणं, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं ही दाखवण्याजोगी लक्षणं. पहिल्या तपासण्यांत बी-१२ आणि थायरॉइड असावेतच. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, दुधात असतं, म्हणून दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला धोका अधिक. उदासीनता, ऐकू कमी येणं, रोजची दारू, झोपेच्या आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांनीही स्मृती गेल्यासारखी दिसते आणि कारण दूर केल्यावर बरीच परत येते.

एकाएकी, तासा-दोन तासांत किंवा दिवसात, म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं तर तो विस्मृतीचा आजार नव्हे. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं यांपैकी काहीतरी बहुतेकदा असतं, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात शेवटची दोन सर्रास दिसतात. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे ‘तहान नाही’ या उत्तरावर विसंबू नये. दर दोन तासांनी पेला हातात द्यावा. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात मिसळावं, अर्ध्या पेल्यात नाही. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावं. भ्रम सुरू झाला असेल तर मात्र घरी पाणी पाजत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.